मजबूत, जप्ती आणि काटक

सोलापुरातल्याच एका एम.ई. करणाऱ्या मुलाने विचारलंय, प्रबंधाच्या मराठी सारांशात 'रोबस्ट डिझाइन'ला 'मजबूत रचना' लिहू की 'सुदृढ रचना', आणि 'मजबुती'तला बु ह्रस्व की दीर्घ?

दोन्ही रचना नकोत. 'मजबूत'ने तर डोकं उठलंय माझं. गेल्याच महिन्यात एका प्रोजेक्टच्या सादरीकरणात पोरं छातीठोकपणे सांगत होती, सर आमचं डिझाइन रोबस्ट आहे, आणि केलं काय होतं तर पत्र्याची जाडी दुप्पट! ह्याला जाड पत्रा म्हणतात, रोबस्ट नाही.

'रोबस्ट'च्या मुळाशी असलेला लॅटिनमधला ओक वृक्ष वगैरे कुठल्याही डिक्शनरीत सापडेल, तो सोडा. मजा 'मजबूत'मध्ये आहे. हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला, मूळ ज़ब्त, म्हणजे घट्ट धरणं, ताब्यात ठेवणं. आपली कोर्टातली 'जप्ती' ह्याचीच सख्खी बहीण! ज़िक्रवरून मजकूर, नज़रवरून मंजूर, तसा ज़ब्तवरून मजबूत, म्हणजे जे ताब्यात ठेवलंय ते, आणि म्हणून नेमकं, अचूक. कैरोत आजही 'मज़बूत' कॉफी मागितली तर कडक कॉफी येत नाही, साखर बेताची घातलेली येते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

आता रोबस्ट डिझाइन बघा, म्हणजे परिस्थिती बदलली तरी काम बिघडू नये अशी रचना. १९५३ साली जपानच्या इना कंपनीत टाइल भट्टीतून वेगवेगळ्या मापाच्या निघायच्या, कारण भट्टीत सगळीकडे उष्णता सारखी नाही. भट्टी बदलणं म्हणजे प्रचंड खर्च. तर मातीतला चुना १ टक्क्यावरून ५ टक्के केला आणि भट्टी तशीच वाकडी राहूनही माप जमलं. रोबस्ट डिझाइनची पद्धत घालून देणारे जपानी अभियंते गेनिची तागुची, त्यांच्या पद्धतीचं हे सगळ्यात गाजलेलं उदाहरण. म्हणजे उष्णतेवर जप्ती आणलीच नाही, तिला मोकळं सोडलं आणि टाइलच अशी केली की तिला फरक पडू नये. मग मुळातच 'ताब्यात ठेवलेलं' असा अर्थ असलेला शब्द इथे उलटाच नाही का पडत?

इथे सोलापूरच्या पूर्व भागात मे महिन्यात यंत्रमागाच्या कारखान्यात जाऊन उभं राहा म्हणजे कळेल. हवा कोरडी, ताण्याचा धागा तटतट तुटतो, माग थांबतो, माणूस गाठ मारतो, पुन्हा खटखट सुरू, तेवढ्यात पलीकडचा थांबतो. फरशीवर पाणी मारून दमटपणा धरून ठेवायचा ही झाली मजबूत वाट. धाग्याला खळच अशी बसवायची की कोरड्या हवेतही धागा टिकेल, ही रोबस्ट.

ह्याला आपल्याकडे शब्द आहे की! काटक. काटक माणूस पैलवान नसतो, पण ऊन, उपास, जागरण, काहीही येऊ दे, त्याचं काम चालूच. आपली मालदांडी ज्वारी काटक, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. 'सुदृढ'वाले म्हणतील हा शब्द बोलीतला आहे, प्रबंधात शोभत नाही. साफ चूक आहे त्यांची. सुदृढ हे बाळाचं विशेषण, त्यात अंगापिंडाने भरलेलं असणं दिसतं, परिस्थिती बिघडल्यावर काय होतं हे त्यात कुठेच नाही, आणि रोबस्टचा सगळा अर्थ तर तिथेच आहे. संख्याशास्त्रात 'रोबस्ट' हा शब्द जॉर्ज बॉक्स ह्या संख्याशास्त्रज्ञाने आणला तोही १९५३ सालीच, आणि अर्थ हाच, गृहीतकं थोडी मोडली तरी न डगमगणारी चाचणी. पुढे ह्याच बॉक्सने तागुचींच्या सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तरावर (हव्या परिणामाच्या तुलनेत नको असलेला चढउतार किती, हे सांगणारा आकडा) सडकून टीका केली, ती तुमच्या प्रबंधात नसेल तर आधी घाला, शब्दाचं नंतर बघू.

आणि हो, मजबुती ह्रस्वच, मंजूर-मंजुरीसारखी.