खिडकीत टांगती फळी, कुंडीला आपोआप पाणी

प्रश्न : मे महिन्यात आठ-दहा दिवस घर बंद असतं. पूर्वेच्या खिडकीत चार कुंड्यांची टांगती फळी करायची आहे. झाडांना आपोआप पाणी मिळेल अशी सोय घरच्या घरी होईल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

होईल. प्रत्येक कुंडीखाली पाण्याचा बंद डबा ठेवायचा, त्यातलं पाणी दोरीची वात वर मातीत ओढते. पण आधी वजनाचा हिशोब करा. सहा इंची कुंडी ओल्या मातीसकट साधारण दोन किलो, तिच्याखाली दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो. अशा चार कुंड्या आणि फळी मिळून सोळा-सतरा किलो भरतात. एवढा भार स्क्रूसाठी भोकात ठोकतात त्या प्लास्टिकच्या गिट्टीवर टाकू नका. भिंतीत आडवी बसलेली गिट्टी टिकते, पण खाली सरळ ओढ बसली की ती हळूहळू निसटते. खिडकीवरच्या लिंटेलला, म्हणजे काँक्रीटच्या आडव्या तुळईला, खालून हॅमर ड्रिलने भोक पाडा आणि हुकाचे दोन ॲंकर फास्टनर (भोकात फुलून घट्ट बसणारे धातूचे बोल्ट) बसवा. बिट फास्टनरवर लिहिलेल्या मापाचंच घ्या. पहिला दीडेक सेंटिमीटर नुसता गिलावा असतो, तो खोलीत धरू नका. फास्टनर काँक्रीटमध्ये बसला पाहिजे आणि कडेपासून सात-आठ सेंटिमीटर आत हवा. मध्येच सळई लागली तर जोर न करता भोक थोडं बाजूला घ्या.

फळीसाठी १८ मिमी जाडीचा, आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. लांबी ९० सेंमी, रुंदी २० सेंमी. कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्या, प्लाय फुगायला सुरुवात तिथूनच होते. चारही कोपऱ्यांना भोकं पाडून दोरीऐवजी गॅल्व्हनाइज्ड साखळी लावा. एक कडी वर-खाली केली की फळी लेव्हलला येते, शिवाय उन्हाने साखळी कुजत नाही. वाऱ्याने हेलकावे बसू नयेत म्हणून फळी दोन्ही बाजूंनी ग्रिलला तारेने बांधा.

चारही कुंड्यांना मिळून एकच ट्रे ठेवायचा मोह टाळा. फळी जराशी कलली तरी एका टोकाची कुंडी कोरडी पडते आणि ट्रे गळला तर चारही झाडं जातात. प्रत्येक कुंडीखाली दीड-दोन लिटरचा घट्ट झाकणाचा डबा हवा. तो दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा उंच नको, कारण पातळी खाली गेली की वात पाणी वर ओढायला कमी पडते. डबा पारदर्शक असेल तर बाहेरून रंगवा, नाहीतर आत शेवाळ धरतं. कुंडी झाकणावर बसते. झाकणाला मधोमध वातीचं भोक आणि कडेला पाणी भरायचं, बूच लागणारं भोक पाडा.

आता वात. टॉवेलच्या गावात हात आधी जुन्या टॉवेलच्या पट्टीकडे जाणार. ती पाणी छान ओढते, पण सुती असल्याने काही महिन्यांत मातीत कुजून तुटते. पॉलिस्टरची जाडसर विणलेली दोरी घ्या आणि साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, कारण नव्या दोरीवरच्या तेलकट थरामुळे पाणी चढत नाही. एक टोक पाण्यात सोडा. अर्ध्या तासात चार बोटं वरपर्यंत ओल आली नाही तर ती दोरी बाद. प्रत्येक कुंडीला दोन वाती हव्यात. त्या तळाशी एक वेढा देऊन कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत न्या.

पहिल्यांदा पाणी वरूनच घाला, माती आणि वात पूर्ण भिजू द्या. कोरड्या मातीत कोरडी वात आपणहून सुरू होत नाही. गावाला जाण्याआधी दोन आठवडे डबा भरून पातळी किती दिवसांत उतरते ते पाहा. उन्हाळ्यातला आकडाच खरा, पावसाळ्यातला धरू नका.

प्रश्न : डब्यात पाणी आहे, वातही ओली आहे, तरी मनीप्लांट सुकतोय. माती शेतातली काळी आहे.
– एक वाचक, होटगी रोड

दोष मातीचा आहे. काळी माती ओली असताना चिकट होऊन मुळांची हवा तोडते. वाळली की भेगाळते आणि वातीपासून सुटते. दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस असं मिश्रण करा. बोअरचं पाणी वापरत असाल तर मातीवर पांढरा थर येईल. पाणी खालून चढून वर उडून जातं, क्षार मागे राहतात. महिन्यातून एकदा कुंडी डब्यावरून उचलून मोरीत ठेवा आणि वरून लिटरभर गोडं पाणी सोडून निथळू द्या.

कोरफड, जेड, स्नेक प्लांट या डब्यांवर ठेवू नका, सततच्या ओलीने त्यांची मुळं सडतात. मनीप्लांट, सिंगोनियम, पीस लिली, स्पायडर प्लांट चालतील.

प्रश्न : डब्यात डास होतील का?
– एक वाचक, विजापूर रोड

उघडा राहिला तर नक्की. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बूच घट्ट लावा, वातीभोवतीच्या फटीत स्पंजचा तुकडा दाबा.

प्रश्न : घर जुनं, माळवदाचं आहे. लिंटेल नाही, हूक कुठे मारू?
– एक वाचिका, शुक्रवार पेठ

मातीच्या भिंतीत मारू नका. खिडकीची चौकट सागवानी आणि टणक असेल तर वरच्या आडव्या लाकडात आटे असलेला जाड हूक फिरवून बसवा, आधी बारीक भोक पाडून घ्या म्हणजे लाकूड चिरणार नाही. फळीवर मात्र दोनच कुंड्या ठेवा. लाकडात टोचा सहज रुतत असेल तर वाळवी किंवा कुज आहे. मग टांगायचा नाद सोडा आणि तेच डबे खिडकीच्या कट्ट्यावर मांडा.