सहा व्होल्टची जावा आणि हँडलवरचे स्विच : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी १९६८ साली घेतलेली जावा २५० आमच्या घरच्या पडवीत वीस वर्षे उभी होती. गेल्या वर्षी इंजिन उघडून नीट करून घेतले, चॅसीला पावडर कोटिंग केले आणि बाजारात मिळणारे तयार वायरिंग बसवले. गाडी दुसऱ्या किकला सुरू होते. मात्र हेडलाइट पणतीसारखा मिणमिणतो, हॉर्न नुसता घुरघुरतो आणि मागचा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. बॅटरी नवीन आहे. मेकॅनिक म्हणतात, सहा व्होल्टमध्ये दम नसतो, बारा व्होल्ट करून टाका. गाडी होती तशीच ठेवण्याची आमची इच्छा आहे. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपली इच्छा योग्य आहे आणि ती पुरी होण्यासारखी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ सालापासून बाहेर पडलेल्या या गाड्या सहा व्होल्टवरच रात्री-अपरात्री घाट चढल्या आहेत. तेव्हा दोष व्होल्टचा नाही. बॅटरीतून निघालेली वीज बल्बपर्यंत पोहोचून परत बॅटरीकडे येईपर्यंत वाटेत गळते आहे, आणि ती नेमकी कुठे गळते हे शोधून काढणे एवढेच काम आहे.

सहा व्होल्टच्या गाडीत ही गळती इतकी का जाणवते, हे आधी पाहू. ३५ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो, तर सहा व्होल्टवर त्याला तेवढ्याच उजेडासाठी सुमारे ६ अँपिअर लागतात. प्रवाह दुप्पट झाला की त्याच तारेत आणि त्याच जोडात होणारी घटही दुप्पट होते, आणि ती घट मुळातच निम्म्या असलेल्या व्होल्टमधून वजा होते. शिवाय तापणाऱ्या तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. सहापैकी अर्धा व्होल्ट वाटेत गेला तर सुमारे पाव उजेड जातो, आणि पुरता एक व्होल्ट गेला तर जवळजवळ निम्मा. बारा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट गेला तर जेमतेम आठवा हिस्सा कमी होतो आणि चालवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. म्हणजे बारा व्होल्ट केल्याने खराब जोड सुधारत नाहीत, फक्त झाकले जातात. त्यासाठी बल्ब, हॉर्न, कॉइल, कटआउट (डायनॅमो आणि बॅटरी यांना आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) आणि बॅटरी बदलण्याचा खर्च मात्र आपल्याला करावा लागतो.

आता मोजमापाकडे येऊ. साधा डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, बॅटरी पूर्ण चार्ज केलेली असावी, इंजिन बंद आणि हेडलाइट चालू असावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी थेट बल्बच्या मागच्या टोकावर टेकवावी. मीटरवर दिसणारा आकडा म्हणजे जाण्याच्या वाटेत हरवलेले व्होल्ट. मग एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी बल्बच्या पितळी कॉलरवर ठेवावी. हा आकडा परतीच्या वाटेचा, म्हणजे अर्थिंगचा. दोन्ही आकडे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली असावेत. एखादा जास्त आला तर पिन एकेक जोड मागे सरकवत जावे. ज्या दोन जोडांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, तिथे दुखणे सापडते. हेडलाइट उजळलेला असतानाच हे करायचे. प्रवाह वाहत नसेल तर सडका जोडही मीटरवर निर्दोष दिसतो, आणि या एका कारणाने कित्येक चांगले भाग विनाकारण बदलले गेलेले मी पाहिले आहेत.

आपल्या पत्रावरून माझा पहिला संशय पावडर कोटिंगवर आहे. आपल्या गाडीत बॅटरीचे ऋण टोक चॅसीला जोडलेले असते आणि दिव्यांचा परतीचा प्रवाह हेडलाइटचा डबा, फोर्क, स्टिअरिंगच्या गोळ्या आणि चॅसी असा प्रवास करून बॅटरीकडे येतो. जुन्या रंगाला बोल्टखाली ओरखडे पडून धातूला धातू भिडलेला असे. पावडर कोटिंग हा मात्र भट्टीत शिजवलेला प्लॅस्टिकचा जाड थर असतो आणि तो वीज अजिबात वाहू देत नाही. स्टिअरिंगच्या गोळ्यांना आपण नवीन ग्रीस भरले असणार, म्हणजे उरलीसुरली वाटही बंद झाली. मागचा दिवा कधी लागतो, कधी नाही, याचे कारणही बहुधा हेच असावे, कारण मडगार्डच्या बोल्टने कोटिंगला कुठेतरी एक चरा पाडला असेल आणि गाडी हादरली की तेवढाच स्पर्श होत असेल.

यावर उपाय स्वस्त आहे. हेडलाइटच्या डब्यातून आणि मागच्या दिव्याच्या बुडाशी एकेक स्वतंत्र काळी तार काढून ती थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत आणावी, आणि इंजिनच्या एखाद्या बोल्टवरूनही एक जाड तार तिथेच आणावी. चॅसीवर जिथे अर्थिंगचा बोल्ट येतो, तिथला नाण्याएवढा भाग चमकदार धातू दिसेपर्यंत खरवडावा, दात्यांचा वायसर घालून बोल्ट आवळावा आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावावी. कोकणातल्या खाऱ्या हवेत ही जेली विसरू नये.

दुसरा संशय तयार वायरिंगवर आहे. मीसुद्धा एकदा असे वायरिंग घेतले होते. बाहेरून ते सुबक दिसत होते, पण वायरचे एक टोक सोलून पाहिले तेव्हा जाड प्लॅस्टिकच्या आत मोजून नऊ-दहा बारीक तारा निघाल्या. हिशेब करून पाहा. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०३५ ओहम असतो. बॅटरीपासून स्विच आणि डिपर (हेडलाइटचा झोत वर-खाली करणारा स्विच) करत हेडलाइटपर्यंत जाणारी वाट दोन मीटर धरली, तर ६ अँपिअरला ०.४ व्होल्ट नुसत्या तारेतच जातात. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली की तीच घट ०.०८ व्होल्टवर येते. म्हणून बॅटरी, इग्निशन स्विच आणि डायनॅमो यांना जोडणाऱ्या मुख्य तारा अडीचच्या, हेडलाइटच्या दीडच्या आणि मीटरचा दिवा व मागचा दिवा यांच्या पाऊणच्या घ्याव्यात. सगळे वायरिंग फेकून देण्याची गरज नाही. भार वाहणाऱ्या चार-पाच तारा बदलल्या तरी पुरेल.

जुने मूळ वायरिंग आपण टाकून दिलेले नसेल अशी आशा आहे. तारांची लांबी आणि त्यांच्या वळणांची जागा त्याच्याइतकी अचूक दुसरे काहीही सांगत नाही, म्हणून ते जमिनीवर पसरून त्याच्याच मापाने नवीन तारा कापाव्यात. जुनी तार पुन्हा वापरण्याचा मोह झाला तर टोकाकडून दोन बोटे सोलून पाहावी. आत तांबे लालसर चमकले तर तार जिवंत आहे. ते काळे पडले असेल किंवा त्यावर हिरवी पूड बसली असेल तर आणखी दोन बोटे मागे सोलावे, आणि तिथेही काळेच असेल तर ती तार सोडून द्यावी, कारण काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही आणि थिंबल (तारेच्या टोकावरची धातूची टोपी) दाबले तरी पकड खोटी राहते. जोडणी करताना टर्मिनलवरचे आकडे पाहावेत. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची असल्याने तिथे युरोपातली आकड्यांची रीत आढळते. ३० म्हणजे बॅटरीची धन तार, ३१ म्हणजे अर्थिंग, १५ म्हणजे इग्निशन, ५८ म्हणजे पार्किंग व मागचा दिवा आणि ६१ म्हणजे चार्जिंगचा दिवा. तारेचा रंग मागच्या पन्नास वर्षांत कोणीही बदललेला असू शकतो, म्हणून रंगापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवावा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे. तो नसेल तर आजच बसवा, कारण पेट्रोलच्या टाकीखाली घासलेली एक तार गाडी जाळायला पुरेशी असते.

शेवटी डायनॅमो. तो ४५ वॅटचा आहे. त्यातले ३५ हेडलाइटने आणि ५ मागच्या दिव्याने घेतले की इग्निशन कॉइलसाठी फार थोडे उरते आणि बाकीचा भार बॅटरीवर येतो. म्हणून उजेड वाढवण्यासाठी मोठ्या वॅटचा बल्ब लावणे हा मार्ग नव्हे. मागच्या दिव्याला सहा व्होल्टचा एलईडी बल्ब लावला तर तेवढी वीज वाचते, तो बदल मला मान्य आहे. दिवे बंद ठेवून इंजिन मध्यम वेगाने फिरवले असता बॅटरीवर सुमारे ७ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसले नाहीत तर आधी कार्बन ब्रश आणि त्यांच्याखालचा तांब्याचा गोल साफ करून पाहावा.

प्रश्न : माझ्याकडे १९७०च्या दशकातली येझदी, म्हणजे जावाच्याच कारखान्यातली मोटारसायकल आहे. डिपर स्विच एका बाजूला लावला की हेडलाइट जातो, हॉर्नचे बटण तीन-चारदा दाबले की एकदा वाजते, आणि क्लच इतका जड झाला आहे की सातारा ते वाई एवढ्या अंतरात मनगट भरून येते. नवीन स्विच बसवले, ते सहा महिन्यांत गेले. जुने नीट होतात का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : होतात, आणि नीट केलेला जुना स्विच बाजारातल्या बहुतेक नव्या स्विचपेक्षा जास्त टिकतो, कारण त्यातले पितळ जाड आहे. स्विच उघडण्याआधी तो एका पांढऱ्या ताटात ठेवावा आणि वर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी धरून तिच्या आतच हात घालून उघडावा. आतली स्प्रिंग आणि ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी उडून गेली तर ती परत सापडत नाही. उघडलेल्या प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा.

आत दिसणारा काळा थर काढायला पॉलिश पेपर वापरू नये, कारण तो पितळेवरचा मुलामा खरवडून नेतो आणि त्याची कचही आत राहते. जाड पुठ्ठ्याची चिंचोळी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्काच्या दोन पट्ट्यांमध्ये घालावी आणि ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत ओढत राहावी. देवघरातली पितळी भांडी चिंचेने लखलखतात म्हणून काही जण स्विचलाही चिंच लावतात. तसे करू नये. आंबटपणा रिव्हेटच्या खाली जाऊन बसतो आणि महिनाभरात तिथून हिरवा गंज चढतो. खरा दोष बहुतेक वेळा त्या रिव्हेटमध्येच असतो. संपर्काची पट्टी वरून चकचकीत असते, पण तिला धरणारा रिव्हेट सैल होऊन किंचित हलतो. आपला डिपर एकाच बाजूला जातो, त्यावरून मला हीच शंका येते. रिव्हेट खालून टेकू देऊन हलक्या हातोडीने दोन ठोके मारून बसवावा आणि तारेला थेट पट्टीवर सोल्डरचा एक थेंब द्यावा. बेकेलाइटला मात्र धक्का लागू देऊ नये, ते काचेसारखे तडकते.

हॉर्नच्या बाबतीत आधी एक प्रयोग करावा. अनेक जुन्या गाड्यांत हॉर्नला वीज कायम मिळत असते आणि बटण फक्त तिला हँडलमार्गे अर्थिंग देते. बटणाकडे जाणारी तार सोडवून हँडलच्या उघड्या धातूला टेकवा. हॉर्न खणखणीत वाजला तर बटण खराब आहे. तरीही घोगराच वाजला तर हँडलचे अर्थिंग पोहोचत नाही, आणि त्यावरचा उपाय रत्नागिरीच्या वाचकांना दिला आहे तोच. तारा हँडलवरून खाली आणताना हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पाहावे. तार कुठेही ताणली जाऊ नये आणि स्टिअरिंगच्या सांध्यात चिमटली जाऊ नये.

जड क्लचचे मूळ बहुतेक वेळा केबलमध्ये असते. केबल काढून खिळ्याला उभी टांगावी, वरच्या तोंडाभोवती मळलेल्या कणकेची छोटी वाटी थापावी आणि तिच्यात चमचाभर इंजिन ऑइल ओतून रात्रभर ठेवावे. सकाळी खालच्या टोकाला तेलाचा थेंब लोंबकळत असेल तर केबल आतून मोकळी आहे. थेंब काळा-तांबडा आला तर पुन्हा एक रात्र तेल द्यावे. आतून नायलॉनचे अस्तर असलेल्या नव्या केबलला हे करू नये. निपलजवळ, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या गाठीजवळ, तारेचा एक जरी तंतू तुटलेला दिसला तर ती केबल बदलावी. लिव्हरचे पिनचे भोकही पाहावे. ते अंड्यासारखे लांबट झाले असेल तर लेथवाल्याकडून पितळी बुश घालून घ्यावा. बसवताना लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवावी. या गाड्यांत गिअरचा पाय दाबतानाही क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे केबल ताणून बांधली तर क्लच कायम अर्धवट सुटलेला राहतो आणि त्याच्या प्लेटा जळतात.

प्रश्न : माझ्या जुन्या बुलेटचे दिवे, हॉर्न आणि इंजिन खड्ड्यात एकाच वेळी क्षणभर बंद पडतात. बॅटरीची टोके घट्ट आहेत.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हेडलाइटची काच काढून अँमीटरच्या (बॅटरीचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरच्या) मागचे दोन नट तपासा. जुन्या बुलेटमध्ये बॅटरीचा प्रवाह अँमीटरमधूनच पुढे जातो, त्यामुळे तिथला एक सैल नट सगळी गाडी बंद पाडू शकतो. पाना लावण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी, नट आवळताना मागचा स्टड फिरू न देता धरून ठेवावा, आणि थिंबल काळे पडले असेल तर ते बदलूनच नट बसवावा.