वसाहतवाले, वसाहतवादी आणि बंड

एका वाचकाने विचारले आहे: अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका मराठी मजकुरात 'वसाहतवाद्यांनी साम्राज्याविरुद्ध बंड पुकारले आणि स्वातंत्र्य मिळवले' असे वाक्य दिसले. वसाहतवादी तर राज्य करणारे, ते कोणाविरुद्ध बंड करणार? आणि मुळात याला बंड म्हणायचे, उठाव, क्रांती, की स्वातंत्र्ययुद्ध?

पहिली शंका बरोबर आहे. शब्द चुकलाच आहे. '-वादी' लागले की माणूस त्या मताचा पुरस्कर्ता होतो. वसाहतवादी म्हणजे दुसऱ्याच्या मुलखावर सत्ता गाजवणे योग्य मानणारा. बोस्टनच्या गोदीतला हमाल किंवा व्हर्जिनियातला तंबाखू पिकवणारा हे नुसते वसाहतीत राहणारे, म्हणजे 'वसाहतवाले'. 'वसाहतकार'ही चालतो, पण तो मला जरा कडक इस्त्रीचा वाटतो. 'वाले' चाळवाल्यांपासून गाववाल्यांपर्यंत सगळ्यांना सामावून घेतो.

गोंधळ होतो तो आपल्या इतिहासामुळे. 'वसाहत' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पारतंत्र्यातला देश येतो. पण शब्दाच्या पोटात 'वसणे' आहे: बाहेरून येऊन घर करून राहणे. पोलीस वसाहत, रेल्वे वसाहत, औद्योगिक वसाहत यांत तोच अर्थ अजून जिवंत आहे. इंग्रज हिंदुस्थानात वसायला आले नाहीत, व्यापाराला आले आणि राज्य करू लागले. व्हर्जिनियात जेम्सटाउनला १६०७ साली जे उतरले ते वसायला उतरले. त्यामुळे १७७६ सालचे वसाहतवाले बहुतांशी अशा बाहेरून येऊन वसलेल्यांपैकी किंवा त्यांचे वंशज होते. राजाही त्यांचाच होता.

इथे एक गंमत नोंदवतो. १७६३ साली, फ्रान्सबरोबरचे सात वर्षांचे युद्ध संपताच, तिसऱ्या जॉर्ज राजाने फर्मान काढले की ॲपलेशियन डोंगररांगेच्या पलीकडे वसाहत करायची नाही, ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांसाठी राखलेली. वसाहतवाल्यांच्या रागाच्या कारणांत हेही एक कारण होते! तेव्हा 'वसाहतवादी' लिहिणाऱ्याचा शब्द चुकला, पण नेम अगदीच हुकला असे चेरोकी जमातीचा मूळ रहिवासी म्हणणार नाही.

आता बंड. या शब्दाची क्रियापदे पाहा. बंड मोडतात, शमवतात, चिरडतात. बंड फसते, थंड होते. निवडणुकीत तिकीट न मिळालेले अर्ज भरतात आणि माघारीच्या दिवशी वर्तमानपत्रे छापतात, 'बंडोबा झाले थंडोबा'. युद्ध जिंकतात, लढाई जिंकतात, पण 'बंड जिंकले' असे कोणी म्हणत नाही. भाषेने बंडाचा शेवट आधीच ठरवून टाकलेला आहे. 'बंडखोर'मधले 'खोर' तर फारसीतले 'खाणारा', म्हणजे लाचखोर, हरामखोर, चहाडखोर यांच्या पंगतीतले. उमाजी नाइकांचे बंड, १८४४ सालचे गडकऱ्यांचे (किल्ल्यांवरच्या शिबंदीचे) बंड, वासुदेव बळवंतांचे बंड: तिन्ही मोडली गेली, आणि तिन्हींना बंड म्हणायची सवय सरकारदरबाराने लावली.

मोडले जाणे ही जणू बंडाची पहिली अट. दुसरी अट अधिक महत्त्वाची. बंडाला आधी धनी लागतो. ज्याची सत्ता तुमच्यावर चालते त्याच्याविरुद्धच बंड होते. १७७५ हेच वर्ष घ्या. त्या वर्षी इंग्रज दोन ठिकाणी लढाईत पडले. राघोबादादाचा कैवार घेऊन पेशव्यांच्या दरबाराशी, आणि १९ एप्रिलला लेक्सिंग्टन व काँकर्डला आपल्याच वसाहतवाल्यांशी. पहिल्याला इंग्रजांनीही युद्धच म्हटले, कारण पुणे दरबार त्यांची प्रजा नव्हता. दुसऱ्याला २३ ऑगस्ट १७७५ रोजी राजाने जाहीरनामा काढून बंड ठरवले. गोळ्या दोन्हीकडे सारख्याच झडत होत्या. पुढे १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, आणि ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसला अमेरिकेशी. बंडवाल्यांना माफी देतात, त्यांच्याशी तह करत नाहीत. पॅरिसच्या तहात राजाने त्या वसाहतींना स्वतंत्र आणि सार्वभौम राज्ये म्हणून मान्यता दिली, आणि 'बंड' हा शब्द लंडनच्याच सहीने रद्द झाला. अमेरिकेत यॉर्कटाउनला १७८१ साली ज्याच्या फौजेने शस्त्रे ठेवली तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी इकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि टिपूवरच्या स्वारीत पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके नि परशुरामभाऊ पटवर्धन त्याचे दोस्त होते. असो, हे विषयांतर.

'उठाव' हा बंडाचा सभ्य भाऊ. १८५७ ला बंड म्हणवत नाही आणि युद्ध म्हणायला जीभ अडखळते, तिथे पाठ्यपुस्तकांनी तो सोयीने बसवला. अमेरिकेसाठी तो अपुरा पडतो. उठाव अचानक होतो. इथे १७६५ च्या, कागदपत्रांवर कर बसवणाऱ्या स्टँप कायद्यापासून दहा वर्षे अर्ज, बहिष्कार, सभा, पत्रके चालली होती. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टन बंदरात कंपनी सरकारच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, तेही मधले एक प्रकरण. (तो चहा चीनचा. आसामचे मळे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.)

'क्रांती' मला सर्वांत रंजक वाटते. तो मूळचा आकाशातला शब्द: क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला मार्ग), संक्रांत. इंग्रजीतला त्याचा प्रतिशब्दही ग्रहांच्या फिरण्यावरून आलेला, म्हणजे मूळ जागी परत येणे. वसाहतवाल्यांचे सुरुवातीचे म्हणणे नेमके तेच होते: इंग्रज म्हणून आमचे जे जुने हक्क आहेत ते परत द्या, आमचा प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटने आमच्यावर कर बसवू नये. नवे जग घडवायचे वगैरे नंतर. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात 'क्रांती' हा शब्द एकदाही नाही. पुढे दुसरे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स म्हातारपणी, १८१८ साली, एका पत्रात म्हणाले की खरी क्रांती युद्धाआधीच लोकांच्या मनांत झाली होती. त्यांच्या हिशेबाने क्रांती आणि युद्ध या दोन वेगळ्या गोष्टी.

मराठीने हा भेद नकळत पाळला आहे. आपण 'फ्रेंच राज्यक्रांती' म्हणतो, पण बहुधा 'अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध'. फ्रान्समध्ये राज्यच उलथले. अमेरिकेत तिसरा जॉर्ज गादीवर होता तिथेच राहिला, फक्त तेरा वसाहती वेगळ्या निघाल्या. म्हणून माझे मत 'स्वातंत्र्ययुद्धा'ला, पण दोन खडे बाजूला काढून. एक, लढाई पेटल्यावरही जुलै १७७५ मध्ये त्यांनी राजाकडे समेटाचा अर्ज धाडला होता, म्हणजे पहिले वर्षभर ते स्वातंत्र्यासाठी लढतच नव्हते. दोन, कोणाचे स्वातंत्र्य? व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केले की बंडवाल्यांचा जो गुलाम राजाच्या फौजेत येईल तो मुक्त. युद्ध संपल्यावर सुमारे ३,००० कृष्णवर्णीय, राजाची बाजू धरणाऱ्या राजनिष्ठांबरोबर, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला निघून गेले. त्यांची सुटका हरलेल्या पक्षाकडे होती.

राहिले 'पुकारले'. ते वाक्यात आपोआप आले असणार, कारण बंड नेहमी पुकारतातच. पण अर्ज धाडणाऱ्यांनी काही पुकारले नव्हते. 'हे बंड आहे' असे पुकारले ते राजाने. म्हणून मी ते वाक्य असे लिहीन: 'तेरा वसाहतींतल्या लोकांनी आधी अर्ज केले, मग शस्त्रे उचलली, आणि १७८३ साली स्वातंत्र्य पदरात पाडून घेतले.'