शाळेचे शेवटचे तीन आठवडे

आपण पत्रात लिहिले आहे की आपला नऊ वर्षांचा मुलगा, ज्याला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे व स्वस्थ बसणे कठीण जाणे) असल्याचे निदान दोन वर्षांपूर्वी झाले, तो एप्रिलपर्यंत अमेरिकेतल्या आपल्या शाळेत चांगला रुळला होता. मे महिना लागल्यापासून मात्र तो रोज सकाळी बुटांच्या कपाटापाशी बसून राहतो, मोजे घालतो, शिवण टोचते म्हणून काढतो, पुन्हा घालतो, आणि तोवर बस निघून जाते. शिक्षिका सांगतात की वर्गात तो अगदी शहाण्यासारखा वागतो. त्यामुळे लाडाने बिघडला आहे असे घरातली मोठी माणसे म्हणू लागली आहेत, आणि आपल्यालाही आता तसेच वाटू लागले आहे.

तसे वाटून घेऊ नका. मोजे तेच आहेत आणि शिवणही तीच आहे. फेब्रुवारीत ती टोचणी सोसण्याइतके बळ त्याच्यापाशी उरत होते, आता उरत नाही, एवढाच फरक आहे. स्पर्श, आवाज आणि उजेड यांची तीव्र जाणीव हा ऑटिझमचाच भाग आहे, आणि मन थकले की ही जाणीव अधिक धारदार होते. शिक्षिकेचे म्हणणे आणि आपला अनुभव, दोन्ही खरे आहेत. अनेक न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ज्यांचा मेंदू वेगळ्या पद्धतीने काम करतो अशी, मुले शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरतात, इतरांचे पाहून तसे वागतात, आणि जिथे आपल्याला कोणी टाकणार नाही याची खात्री असते त्या घरात आल्यावर कोसळतात. सकाळचा हट्ट हीसुद्धा त्या आवरून धरण्याची आधीच बसलेली धास्ती असू शकते.

शेवटच्या आठवड्यांत शाळेत काय घडते ते त्याच्या जागी बसून पाहावे. गणिताच्या तासाला रंगीत तालीम असते, एका दिवशी मैदानी खेळ, दुसऱ्या दिवशी सहल, मध्येच बदली शिक्षक. ज्या तक्त्याकडे पाहून तो दिवसाचा अंदाज घेत असे तो तक्ता एके दिवशी भिंतीवरून उतरवलेला असतो. इतर मुलांना ही मोकळीक वाटते. ज्या मुलाला पुढे काय होणार हे ठाऊक असल्यावरच श्वास घेता येतो, त्याच्यासाठी मात्र हा वर्षातला सर्वांत कठीण काळ असतो, आणि नेमक्या याच वेळी ‘आता काय, अभ्यास संपलाच’ असे म्हणून आपण मोठी माणसे सगळे आधार सैल सोडतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की या तीन आठवड्यांत काहीही नवे जोडू नका. जे कमी करता येईल ते कमी करा. पोहण्याचा वर्ग, रविवारची मराठी शाळा, ओळखीच्यांकडची जेवणे यांपैकी जे त्याला जड जाते ते जूनपर्यंत थांबवावे. आपल्या माणसांत नाही म्हणणे किती अवघड असते हे मला ठाऊक आहे, विशेषतः परदेशात, जिथे ही मोजकी घरे म्हणजेच आपले नातलग असतात. तरीही म्हणावे.

दर शुक्रवारी शिक्षिकेला चार ओळींचा निरोप पाठवून पुढच्या आठवड्यात रोजच्यापेक्षा वेगळे काय आहे ते विचारून घ्या, आणि फ्रिजवर मोठ्या चौकोनांचे कॅलेंडर लावून ते त्याच्यासमोर भरा. ज्या दिवसाचे नक्की ठाऊक नसेल तिथे प्रश्नचिन्ह काढावे. ‘हे अजून ठरलेले नाही’ ही माहितीसुद्धा अशा मुलाला पुष्कळ धीर देते. खोटी खात्री दिली आणि ती मोडली, तर पुढचे कॅलेंडर तो मानणार नाही. खेळांच्या दिवशी आवाज रोखणारे हेडफोन, बसायला एक शांत जागा, आणि दाखवताच तिथे जाता येईल असे एक कार्ड एवढे आधी ठरवून घ्यावे. अर्धा दिवस थांबून तो घरी आला तरी काही बिघडत नाही.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण याबाबत आपली कुटुंबे भिडेपोटी मागे राहतात. आपल्या मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता आखलेला लेखी शिक्षण-आराखडा, ही शाळेची मेहेरबानी नव्हे. अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या १९७५ च्या अमेरिकी कायद्याने, ज्याला १९९० पासून आयडिया म्हणतात, तो त्याला मिळालेला हक्क आहे. त्याचा आढावा वर्षातून किमान एकदा घ्यावाच लागतो, पण पालक लेखी विनंती करून मध्येही बैठक मागू शकतात, आणि कोणाला इंग्रजीत अडचण असेल तर दुभाष्याची सोय करणे ही शाळेची जबाबदारी असते. मोठ्या सुट्टीत मूल शिकलेले विसरते आणि ते परत येण्यास फार वेळ लागतो असा आपला अनुभव असेल, तर उन्हाळ्यातही विनामूल्य सेवा सुरू ठेवण्याचा, म्हणजे एक्स्टेंडेड स्कूल इयरचा, विचार या मुलापुरता करावा असे बैठकीत स्पष्ट मागा. इंग्लंडमधल्या वाचकांसाठी एवढेच, की ज्यांच्या मुलाकडे ईएचसी प्लॅन (विशेष गरजांच्या मुलासाठीचा शिक्षण, आरोग्य आणि देखभालीचा अधिकृत आराखडा) आहे आणि ते सप्टेंबरमध्ये माध्यमिक शाळेत जाणार आहे, त्यांच्या प्लॅनमधील बदलाची मुदत त्या वर्षीची १५ फेब्रुवारी असते. ती उलटूनही बदल झाला नसेल तर स्थानिक प्रशासनाला आजच लिहा.

शिक्षिकेकडून आणखी एक गोष्ट आवर्जून मागावी: या मुलाला काय मानवते आणि काय नाही हे सांगणारे एक पान, पुढच्या शिक्षकांसाठी. आयईपीत ‘हालचालीसाठी विश्रांती’ असे लिहिलेले असते. वर्षभर त्याला पाहिलेली शिक्षिका लिहील की गोष्टीच्या वेळी तो उभा राहून ऐकतो, आणि बसवले तर ऐकत नाही. जमल्यास सुट्टीपूर्वी एकदा नव्या वर्गात नेऊन त्या दाराचा आणि त्याच्या नव्या शिक्षकांचा फोटो घ्यावा, म्हणजे उन्हाळाभर तो पाहता येईल. निरोपाच्या वेळी तो रडला नाही, उलट चिडला किंवा हसत सुटला, तर त्याला दुःख झाले नाही असे समजू नये.

भारतात जाणार असाल तर शाळा सुटताच दुसऱ्या दिवशीचे विमान टाळा. मध्ये चार-पाच रिकामे दिवस ठेवा. औषध सुरू असेल तर डॉक्टरांशी आताच बोला, कारण एडीएचडीची अ‍ॅडेरॉलसारखी अँफेटामाइन वर्गातील औषधे भारतात औषध म्हणून मिळत नाहीत, आणि विमान जिथे बदलता त्या देशाचे नियमही वेगळे असू शकतात. मूळ डबी आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या सामानात असावे. सुट्टी आहे म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये.

सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात उठण्याची, जेवणाची आणि झोपण्याची वेळ शाळेच्या दिवसांसारखीच ठेवा, फ्रिजवरचे कॅलेंडर काढू नका, आणि दाराशी पडलेले दप्तर त्याला विचारल्याशिवाय रिकामे करू नका.