कापडाची नावं आणि शिलाईतले शब्द कसे समजून घ्यायचे? माया, उरेब, बक्रम म्हणजे नक्की काय?

प्रश्न विचारणाऱ्यांचं म्हणणं असं, की दुकानदार पॉपलिन, रेयॉन, ट्विल, टू बाय टू अशी नावं सांगतो, टेलर माया आणि उरेब म्हणतो, यातलं काही कळत नाही आणि मग फसायला होतं. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत 26 वर्षं शिवणकाम करते. प्रश्नात 'माया' वाचलं आणि गप्प बसवेना.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कापडाची नावं दोन जातींची असतात, एक धाग्याची आणि दुसरी विणीची. सुती, रेयॉन, पॉलिस्टर, रेशीम, लिनन ही झाली धाग्याची. पॉपलिन, ट्विल, सॅटिन ही विणीची. पॉपलिन म्हणजे साधी उभी-आडवी घट्ट वीण, ट्विलवर बारीक तिरकी रेघ दिसते (तुमच्या जीन्सकडे बघा), सॅटिनमध्ये धागे वरच्या वर लांब पडलेले असतात म्हणून ते चकाकतं आणि म्हणूनच बांगडीत अडकून ओढलंही जातं. आता दुकानदार "सॅटिन आहे ताई" म्हणाला, तर त्यानं कापड चकाकतं एवढंच सांगितलं. घाम शोषेल का, आटेल का, याचं उत्तर त्यात नाही. सॅटिन रेशमाचंही असतं आणि पॉलिस्टरचंही. पॉपलिनचंही तेच. तेव्हा लगेच विचारायचं, धागा कुठला? यावर तो घुटमळला तर पुढचं दुकान गाठा.

माझे वडील शाहू मिलच्या विव्हिंग म्हणजे विणकाम खात्यात होते. 1906 साली शाहू महाराजांनी काढलेली, कोटीतीर्थाजवळची ती मिल. घरात नवीन कापड आलं की वडील घडी मोडायच्या आधी कडेचे दोन धागे ओढून काढायचे, एक उभा आणि एक आडवा. काडी ओढून दोन्ही वेगवेगळे जाळायचे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. रेयॉनही तसाच जळतो, कारण तोही झाडाच्या लगद्यातूनच काढलेला. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. "दोन्ही धागे बघायचे," हे ते दर वेळी म्हणायचे. एकच धागा जाळून निकाल देणाऱ्यावर ते चिडायचे.

ही सवय मी एकदाच मोडली, 2012 च्या जूनमध्ये. इथल्या एका शाळेच्या 96 पँटींची ऑर्डर होती, कापड दुकानदाराकडून आलेलं. "पॉलिस्टर मिक्स आहे, इंचभरही आटणार नाही," असं त्यानं सांगितलं. शाळा सुरू व्हायला नऊ दिवस उरलेले. ना धागा जाळला, ना तुकडा भिजवून बघितला. ऑर्डर माझ्या थोरल्या भावानं आणली होती, हिशेबही तोच बघायचा. कापायला घेतलं तेव्हा तो माझ्या मागं उभा राहून म्हणाला, "मागच्या शिवणीला दीड-दीड इंच माया? अर्धा इंच बास की गं! पँटीमागं दहा सेंटिमीटर वाचलं तर दहा मीटर कापड हातात राहतंय." मी ऐकलं नाही. मागच्या शिवणीला दीड इंच आणि बाजूंना पाऊण इंच ठेवलीच. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

माया म्हणजे हीच, शिवणीच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड. पोरगं वाढलं, माणूस सुटला, कापड आटलं, तर उसवून सोडता यावं म्हणून ठेवायची.

पहिल्या धुण्यानंतर आयाबाया दारात. पँटी लांबीला जशाच्या तशा, कमरेचं बटणही लागत होतं, पण सीट आणि मांडी आवळलेली. पोरगं खाली बसलं की मागची टीप तटकन तुटायची. सहावीतल्या एका पोराची पँट हातात घेतली, तिच्या मायेतले दोन धागे ओढले आणि देवघरातल्या निरांजनावर धरले. उभ्या धाग्यानं मणी धरला. आडव्याची नुसती राख झाली. उभं पॉलिस्टर, आडवं सगळं रेयॉन! म्हणजे दुकानदाराचं "मिक्स" खरं होतं, फक्त मिक्स कुठल्या दिशेनं हे त्यानं सांगितलं नव्हतं. पँट उभ्या धाग्यात कापतात, म्हणून लांबी टिकली. आडवं कापड आटलं, म्हणून घेर गेला. कमरपट्टीही मी उभ्या धाग्यातच कापली होती आणि आत बक्रम होतं (बक्रम म्हणजे कॉलर, पट्टी ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कडक कापड), म्हणून तेवढी कमर वाचली.

अकरा दिवसांत 96 च्या 96 उसवून, माया सोडून, पुन्हा टीप मारून दिल्या. जुन्या टीपेची रेघ ओलं फडकं टाकून इस्त्रीनं घालवली. एक पैसा घेतला नाही. अर्धा इंच माया असती तर त्यातली एकही पँट दुरुस्त झाली नसती.

तेव्हा तुम्हाला माझं सांगणं सरळ आहे. तयार कपडा घेताना आधी उलटा करा. शिवणीच्या आत किती कापड आहे ते बोटानं मोजा. ओव्हरलॉकच्या (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारलेल्या) दोऱ्यालगतच टीप असेल तर तो कपडा आज मापाचा आहे, पुढच्या वर्षी नाही. वाढत्या पोराला असला कपडा हजार रुपये देऊन घेणं म्हणजे पैसे पाण्यात. शिवायला टाकताना टेलरला आधी सांगा, "माया ठेवा." कापड वाचवणाऱ्या टेलरपेक्षा माया ठेवणारा टेलर दहापट बरा. आणि सुती, रेयॉन कापड शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात घालाच.

टू बाय टू राहिलं. ब्लाउजपीसला म्हणतात ते. उभ्यातही दोन पदरी पीळ दिलेला धागा, आडव्यातही. म्हणून पातळ असून टिकतं. उरेब म्हणजे कापड तिरकं कापणं. तिरकं कापलं की ताणतं आणि वळणावर छान बसतं, म्हणून गळ्याची पट्टी उरेब लावतात. सरळ पट्टी गोल गळ्याला लावली की गळा उभा राहतो, हे कुठल्याही शिवणक्लासात पहिल्या महिन्यात कळतं.

रेयॉन वाईट असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात रेयॉनचा कुर्ता अंगाला थंड लागतो, मीही घालते. पण भिजल्यावर त्याची ताकद खूप कमी होते, ओलं असताना दगडावर आपटू नका, पिळू नका. सुती कापडाचं उलटं, ते भिजल्यावर जास्त मजबूत. आणि धागा जाळायचाच तर चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळा. एकाच धाग्यात सुती-पॉलिस्टर पिळलेलं असेल, टेरिकॉटमध्ये असतं तसं, तर राख आणि मणी दोन्ही दिसतील. शिफॉन, जॉर्जेटला जास्त माया ठेवता येत नाही, आतली पट्टी बाहेरून दिसते, तिथं अस्तरात ठेवायची.

दादा आजही म्हणतो, त्या ऑर्डरमध्ये तोटा मायेमुळं झाला. दादा, तोटा न भिजवलेल्या कापडामुळं झाला, आणि ती चूक माझी होती. माया माझी बरोबरच होती. गेल्या दिवाळीत तुझ्या नातवाची मुंजीतली पँट तू माझ्याकडं ढिली करायला पाठवलीस, ती सव्वा इंच सोडून दिली मी. शिवली मीच होती, म्हणून सोडायला आत कापड होतं.