दूध पाजणाऱ्या आईचा रोजा

बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि फक्त अंगावर पीत असेल, तर रोज्याची घाई करू नकोस. स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर सूट आहे; नंतर कझा करायची, म्हणजे सुटलेले रोजे पुढे भरून काढायचे. हनफी मतानुसार (हनफी आणि शाफई या इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा) फिदिया, म्हणजे रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घालणं, लागत नाही. शाफई मतानुसार, भीती केवळ बाळासाठी असेल तर कझासोबत फिदियाही येतो. बाळंतपणाचा रक्तस्राव चालू असताना तर रोजा नाहीच. आणि दूध पाजल्याने रोजा तुटत नाही, ही शंका मनातून काढून टाक.

ठेवायचाच असेल तर आधी एक दिवस करून बघ. खरी अडचण पाण्याची. सहरीला (रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) एकदम लिटरभर प्यायलेलं पाणी बरंचसं लघवीवाटे निघून जातं, म्हणून इफ्तारपासून सहरीपर्यंत दर तासाला एक पेला घे. सहरी चुकवू नकोस.

दिवसभर बाळाच्या लंगोटांवर लक्ष ठेव. पहिल्या आठवड्यानंतर 24 तासांत किमान सहा ओले हवेत. ते कमी झाले, बाळ सुस्त पडलं, डोक्यावरची टाळू खोल गेली किंवा तुला भोवळ आली, लघवी गडद झाली, तर मगरिबची (सूर्यास्ताच्या नमाजाची) वाट न पाहता रोजा सोड. बाळ सुस्त असेल तर लगेच डॉक्टरांना दाखव.