जुना ॲम्ब्युलन्सचा दिवा घरच्या लाइटवर लावताना

भावा, मिरजेच्या भंगारात फिरता दिवा मिळाला म्हणतोस, नशीबवान आहेस. पण थेट 230 व्होल्टच्या बोर्डात घालू नकोस, क्षणात जाईल.

आधी वरचा घुमट उतरव आणि बल्बच्या टोपीवर काय कोरलंय ते वाच. 12 व्होल्ट 55 वॅट असेल तर एकटा बल्बच साडेचार अँपिअरच्या वर ओढतो, मोटर वेगळी. ट्रकवरचा दिवा 24 व्होल्टचाही निघतो, म्हणून अंदाजाने काही घेऊ नको.

राउटरचा ॲडॉप्टर इथे कामाचा नाही. सीसीटीव्हीवाले वापरतात तो 12 व्होल्ट 10 अँपिअरचा जाळीदार एसएमपीएस (230 व्होल्टचे 12 व्होल्ट करणारा पॉवर सप्लायचा डबा) सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो. पाचचा घेतलास तर चालू करताना दिवा नुसता लुकलुकेल: थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट खेचते आणि सप्लाय घाबरून बंद-चालू होत राहतो. दुकानदार ‘पाच बास’ म्हणेल, ऐकू नको.

एसएमपीएसची अर्थिंग जोडच. उघड्या स्क्रूंवर झाकण हवं, घरात पोरं असतात. 12 व्होल्टच्या बाजूला 10 अँपिअरचा फ्यूज टाक, वायर दीड एमएमची. मोटर उलटी फिरली तर वायरी अदलाबदल कर.

मोटर अडकली असेल तर बल्ब पेटता ठेवू नको. झोत एकाच जागी राहिला की प्लॅस्टिकचा घुमट मऊ पडतो, आणि जुना घुमट परत मिळत नाही.

आणि हो, दिवा घरातच. गाडीवर लावलास तर पोलीस सोडणार नाहीत.